बेट हवं, शेजार नको

आलिशान रिसॉर्टच्या माहितीपत्रकात चार गोष्टी हमखास असतात: पांढरी वाळू, समुद्राकडे वाकलेला माड, दोन माडांना बांधलेली झोळी आणि झोळीतून बाहेर आलेले कुणाचे तरी दोन पाय. पायांच्या मालकाचं तोंड कधी दाखवत नाहीत. बहुधा त्याच्या हातात बिल असतं. हे पत्रक पुण्यात किंवा डोंबिवलीत उघडलं की घरात उसासे पडतात. शिरोड्यात उघडलं की लोक त्यातली खोट काढतात. "ह्या माडाक कोणी खत घालूक नाय. चुडतां बघ, कशी पिवळी पडली ती."

वेंगुर्ले तालुक्यातल्या या गावाला वेळागरचा लांबलचक किनारा आहे, सुरूचं बन आहे, मिठागरं आहेत. शेजारी रेडी, तिच्यापलीकडे तेरेखोल आणि मग गोवा. थोडक्यात, पत्रकातला पहिल्या तीन गोष्टींचा ऐवज इथे घराच्या मागल्या दारी पडलेला असतो आणि चौथी गोष्ट, म्हणजे आडवे पडलेले पाय, दुपारी दोन ते चार या वेळात घरोघरी बघायला मिळते. तरीही हल्ली शिरोड्यातल्या बऱ्या चाललेल्या घरांतून 'यंदा मालदीव' असा विषय निघतो. तो काढणारी बहुधा बंगळुरूला नोकरी करणारी मुलगी असते. वडलांचा विरोध खर्चाला, आईचा विमानाला आणि आजीचा एकूणच कल्पनेला.

"पाण्यात घर कित्याक व्हया गो? पावसात परड्यात येता ता पुरे नाय?"

आजीला जे कळत नाही ते जगालाही फार उशिरा कळलं. पाण्यावर खांब रोवून त्यावर पाहुण्यांसाठी खोली बांधायची, ही कल्पना फ्रेंच पॉलिनेशियात १९६७च्या सुमारास तिघा अमेरिकन मित्रांना सुचली. त्यांच्या एका हॉटेलला वाळूचा किनाराच धड नव्हता, म्हणून त्यांनी खोल्या सरळ पाण्यात ढकलल्या. अडचणीतून काढलेली पळवाट पुढे जगातली सर्वांत महाग खोली ठरली. आपल्याकडे भरतीचं पाणी घरात शिरलं की तलाठी पंचनामा करतो. तिकडे तेच पाणी काचेच्या फरशीखालून दाखवतात आणि रात्रीचे पाचशे डॉलर लावतात.

मालदीवची गोष्ट तर शिरोडेकरांनी बसून ऐकावी अशी आहे. साठच्या दशकात संयुक्त राष्ट्रांचं एक पथक तिथे गेलं आणि या बेटांवर पर्यटनाचं काही जमण्यासारखं नाही, असं मत देऊन परतलं. मत चुकीचं म्हणता येणार नाही. देशात बँक नव्हती, सोयी नव्हत्या, होते ते मासे आणि माड. पण एका इटालियन पर्यटन व्यावसायिकाने तो अहवाल मनावर घेतला नाही आणि १९७२मध्ये नारळाच्या बागेच्या एका निर्मनुष्य बेटावर कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. आज त्या देशात दीडशेहून जास्त रिसॉर्टं आहेत आणि २०२४मध्ये वीस लाखांवर पाहुणे येऊन गेले.

उलट सिंधुदुर्ग जिल्ह्याबद्दल कोणत्याही तज्ज्ञाने नकारघंटा वाजवली नाही. १९९७मध्ये तो देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून रीतसर जाहीर झाला. वेळागरला ताज समूहाचं पंचतारांकित हॉटेल येणार ही बातमी त्याही आधीपासून हवेत होती. नव्वदच्या दशकात त्यासाठी पर्यटन महामंडळाने जमीन संपादनही केली. मग मोबदला, गावकऱ्यांचे आक्षेप, कुठली जमीन वगळायची आणि कुठली नाही, यात वर्षं गेली. २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ५४ हेक्टर जमीन नव्वद वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याला मंजुरी दिली, तेव्हा गावात कुणी दचकलं नाही. 'ताज येतंय' हे वाक्य ऐकत इथली एक पिढी शाळेतून सुटली, लग्न करून बसली आणि आता तिची पोरं हॉटेल मॅनेजमेंट शिकून गोव्यात नोकरीला लागली. त्याच ताजची रिसॉर्टं दरम्यान मालदीवमध्ये उभी राहून जुनीही झाली. त्यामुळे वेळागरच्या माणसाला ताज बघायचं असेल तर सध्या सरळ मार्ग बंगळुरू किंवा मुंबईहून मालेमार्गे जातो.

लक्षद्वीपचा पर्याय २०२४च्या जानेवारीत सगळ्या देशाला एकाच आठवड्यात सुचला. पंतप्रधानांचे तिथले फोटो आले, त्यावर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी नको ते लिहिलं आणि दोन दिवसांत देशप्रेमाने मालदीवची आरक्षणं रद्द होऊ लागली. २०२३मध्ये मालदीवला जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, दोन लाखांवर. २०२४ला आकडा चांगलाच घसरला. शिरोड्यातल्या वडलांनाही या काळात लक्षद्वीपबद्दल एकाएकी आपुलकी वाटू लागली, कारण रद्द करणं हा सर्वांत स्वस्त प्रवास आहे. मुलीने चौकशी केली. परवाना लागतो, जाणारी विमानं थोडी, राहायच्या खोल्या त्याहून थोड्या. सुहेली आणि कदमत या बेटांवर मोठी रिसॉर्टं होणार असल्याचं २०२३मध्ये जाहीर झालं आहे, हेही तिने वाचून दाखवलं. कोणाची? ताजची. वडील हसले आणि पेपर उलटून दशावताराच्या जाहिराती बघू लागले.

मॉरिशस वेगळ्याच कारणाने बाद झालं. १८३४नंतर ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांची पुढची पिढी आजही तिथे आहे आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आईला हे ऐकून भरून आलं. मुलीच्या पोटात गोळा आला. एवढ्या लांब जायचं आणि किनाऱ्यावर कुणीतरी 'तुमी खंयचे?' विचारायचं, मग आडनाव निघणार, कुळदैवत निघणार, आजोळ जुळणार आणि संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला. सुट्टी म्हणतात ती हीच असेल तर सावंतवाडी काय वाईट?

खरी गोष्ट इथे बाहेर पडते. मालदीवचं धोरण 'एक बेट, एक रिसॉर्ट' असं आहे. म्हणजे बेटावर दुसरं गाव नाही, दुसरं हॉटेल नाही, नाका नाही, चहाची टपरी नाही आणि टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची वंशावळ तपासणारी मंडळी नाहीत. वाळू, माड, पाणी हे सगळं शिरोड्याला फुकट आहे. फुकटात मिळत नाही ती एकच चीज, आणि ती म्हणजे शेजाऱ्याची गैरहजेरी. जावयाने बर्म्युडा घालून वेळागरला एक फेरी मारली तर ती बातमी तो घरी परतायच्या आत माउलीच्या देवळापर्यंत पोचलेली असते. असे पाचशे डॉलर महाग म्हणायचे की वाजवी, हे ज्याने त्याने ठरवावं.

आजीला मात्र हेच पटेना.

"शेजारी कोण?"

"कोणच नाय, आजी."

"मगे थंय करूचा काय?"

निवड सुरू झाली की पहिला प्रश्न दिशेचा. तिकडे सूर्योदयाकडची खोली स्वस्त, सूर्यास्ताकडची महाग. पश्चिम किनाऱ्यावर अख्खा जन्म काढलेल्या माणसाला हे ऐकून धक्काच बसतो. शिरोड्यात रोज संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडतो आणि तेव्हा घरातला माणूस दोरीवरचे कपडे काढत असतो. सूर्यास्ताचे वेगळे पैसे लागतात हे आधी कळलं असतं तर निदान वळून तरी बघितलं असतं. वडलांनी ताबडतोब सूर्योदयाची खोली पसंत केली: "तो आमी कधी बघूक नाय."

दुसरा प्रश्न पाण्याचा. बेटाभोवती उथळ निळंशार तळं असेल तर फोटो झकास येतात आणि पोरं सुरक्षित खेळतात, पण पाण्याखाली बघायला वाळूच. प्रवाळाची भिंत किनाऱ्यालगत असेल तर गळ्यापर्यंत उतरलं की रंगीबेरंगी मासे नाकासमोर. जाणकार म्हणतात, प्रवाळ जवळ असलेलंच बेट घ्या. पण मासा जिवंत आणि फक्त बघण्यासाठी, हा व्यवहार शिरोड्याच्या डोक्यात सहजी शिरत नाही. काचेच्या तळाच्या होडीत बसलेला मालवणी माणूस पोपटमाशाच्या रंगाला वाहवा देतो आणि लगेच शेजारच्याला विचारतो की याचं तिखलं बरं लागेल की भाजून.

तिसरा प्रश्न पोचण्याचा, आणि पत्रकं नेमकी इथे मुकी होतात. माले विमानतळाजवळची बेटं स्पीडबोटीने गाठता येतात. लांबची असतील तर सीप्लेन. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे मालेला संध्याकाळी उतरणाऱ्याला एक रात्र तिथेच काढावी लागते. भाडं जाऊन-येऊन माणशी चारशे डॉलरच्या पुढेच. सामान वीस किलो, हातातलं पाच. हा शेवटचा नियम वाचून आईने चष्मा काढून ठेवला. वीस किलोत माणसाने कपडे न्यायचे की सोलं, कुळथाची पिठी, मालवणी मसाला, लाडू आणि 'थंयल्या लोकांक' म्हणून एक फणसपोळी? मूर्तीचा प्रश्न आणखी नाजूक. मालदीवच्या सीमाशुल्क खात्याच्या बंदीच्या यादीत दारू आणि डुकराचं मांस यांच्या बरोबरीने पूजेच्या मूर्ती येतात. पर्समधला इंचभर चांदीचा गणपती त्यामुळे घरीच राहायला हवा. रिसॉर्टवर दारू मिळते. गणपती मिळत नाही. आईच्या मते इथेच प्रवास संपला होता.

सीप्लेनच्या वैमानिकांबद्दल मात्र सगळ्या घराचं एकमत झालं. हे वैमानिक अर्ध्या चड्डीत आणि पुष्कळदा अनवाणी पायांनी विमान चालवतात. रेडीच्या तरीवर होडी वल्हवणारा यापेक्षा वेगळा नव्हता, एवढंच की त्याने कुणाचं सामान वजन करून घेतलं नाही.

पायांवरून आणखी एक. मालदीवमधल्या सोनेवा फुशी या १९९५च्या रिसॉर्टने बातम्याही नकोत आणि चपलाही नकोत असा बाणा काढला. पाहुणा उतरला की त्याच्या चपला एका पिशवीत घालून ठेवतात आणि निघताना परत देतात. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख तिथे वाळूत अनवाणी चालण्यासाठी पैसे मोजतात. शिरोड्याला खेटून असलेल्या आरवलीत रीत नेमकी उलटी आहे. तिथल्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री त्या घालून गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, ही श्रद्धा. देवळात रांगेने मांडलेल्या त्या चपला बघताना मनात येतं की सगळ्या उठाठेवीत चाकरी करणारा हा एकटाच. आरवली जयवंत दळवींचं गाव. ठणठणपाळ या टोपणनावाने भल्याभल्यांची फिरकी घेणाऱ्या त्या माणसाला अनवाणी अब्जाधीश आणि चपला घातलेला देव ही जोडी हाती लागली असती तर मराठी वाचकांचं भलं झालं असतं.

आता दरपत्रक. दराच्या पुढे अधिकची दोन बारीक चिन्हं असतात. ती नक्षी नाही. पाचशे डॉलरवर दहा टक्के सेवाशुल्क, म्हणजे पाचशे पन्नास. त्यावर पर्यटन कर, जो जुलै २०२५पासून सतरा टक्के झाला, म्हणजे सहाशे त्रेचाळीस. शिवाय हरित कर: मोठ्या रिसॉर्टमध्ये दर माणशी दर रात्री बारा डॉलर, दोन वर्षांखालच्या बाळाला माफ. चौघांचे अठ्ठेचाळीस धरले की एका रात्रीचे सहाशे एक्याण्णव, आणि अजून कुणी पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. जेवणाचे वेगळे प्रकार आहेत: फक्त नाश्ता, दोन जेवणं, तीन जेवणं, किंवा सगळं आलं त्यात. 'सगळं' यात नक्की काय येत नाही याची यादी सर्वांत लांब असते. स्पामध्ये समुद्राच्या मिठाने अंग चोळून देण्याचा दर वडलांनी दोनदा वाचला. शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३०मध्ये मीठ उचलण्यासाठी सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. तेही अंगाला मीठ लागूनच घरी गेले असतील, पण त्यांच्याकडे कुणी सेवाशुल्क मागितलं नव्हतं.

बेट कसं निवडावं याचा धडा घ्यायचा तर मालदीवपेक्षा मालवण जवळ. मराठी मुलखातली सर्वांत चोख बेटनिवड २५ नोव्हेंबर १६६४ला पायाभरणी होऊन पक्की झाली. मालवणसमोरचं कुरटे बेट शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी घेतलं ते देखावा बघून नव्हे. खालचा खडक भक्कम आहे, भोवतीच्या पाण्यात लपलेले खडक अनोळखी गलबताला जवळ येऊ देत नाहीत, आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत गोडं पाणी लागतं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरी आजही तिथे आहेत. किल्ल्याचा दरवाजा तर असा वळणात दडवला आहे की समोर उभं राहिलं तरी दिसू नये. स्वागतकक्षाचा हा अगदी वेगळा विचार झाला. मालदीवच्या रिसॉर्टला गोडं पाणी समुद्राचं खारं पाणी यंत्रातून काढून करावं लागतं. वीज जनरेटरवर. पाहुण्यांना दिसू नये अशी झुडपांच्या आड कामगारांची वस्ती, त्यांची खाणावळ, मशीद, कपडे धुण्याचा कारखाना, म्हणजे चक्क एक गाव असतं, ज्यात बांगलादेशी, श्रीलंकन, केरळी आणि स्थानिक माणसं राहतात. निर्जन बेटावरचा एकांत टिकवायला शेकडो माणसं राबतात. शेजारी आहेत, फक्त त्यांना 'खंयचे तुमी?' विचारायची मुभा नाही.

बेटाची उंचीही बघावी म्हणतात. मालदीवमधली सर्वांत उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरलाही पोचत नाही. समुद्र वर चढतोय हे जगाच्या डोक्यात शिरावं म्हणून १७ ऑक्टोबर २००९ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने पाणबुड्यांचा पोशाख चढवून समुद्राच्या तळाशी बैठक घेतली आणि ठरावावर सह्या केल्या. बैठकीत कुणाला बोलता येत नव्हतं, सगळे खुणेने संमती देत होते. आपल्याकडच्या ग्रामसभा कोरड्या जमिनीवर होतात, तरी इतक्या वेळेत आटपत नाहीत.

एवढं सगळं नको असेल तर शिरोड्याहून अर्ध्या तासावर तेरेखोलचा किल्ला होता. नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात मोडणाऱ्या या किल्ल्यात काही वर्षं एक टुमदार हॉटेल चाललं. खोल्या फक्त सात, त्यांना सात वारांची नावं. कल्पना देखणी, पण आपल्या माणसांना अवघड. 'सोमवारा'त उतरलेल्याने बुधवारी सुरमई मागवावी की नाही, यावर घरात तासभर वाद व्हायचा. आणि 'शनिवार' मिळाला तर बदलून मागावा का?

शिरोड्याला मुक्काम कसा करावा याचा नमुना याआधीच घालून दिलेला आहे. वि. स. खांडेकर १९२०मध्ये इथल्या शाळेत शिकवायला आले आणि १९३८पर्यंत राहिले. एवढ्या लांब मुक्कामाला आजच्या रिसॉर्टात घसघशीत सवलत मिळाली असती.

शेवटी बेट नक्की झालं: सूर्योदयाची खोली, स्पीडबोट, दोन जेवणं, गणपती घरी. राहिली तारीख. एजंट म्हणाला, मे ते ऑक्टोबर तिकडे पावसाचे दिवस, तेव्हा दर निम्म्यावर येतात. पण तो पाऊस म्हणजे आपलाच. तिकडे पडून मग दोन-तीन आठवड्यांनी मिरगाला इथे येणारा. पैसे देऊन पुढे जाऊन भिजायचं का? शिवाय जून-जुलैत लावणी, नारळी पौर्णिमेनंतर मासे सुरू, मग चतुर्थी. चतुर्थीला शिरोड्याचा माणूस मालदीवला गेला असं कुणाच्या कानावर गेलं तर पुढची तीन वर्षं घरात वर्गणी मागायलासुद्धा कुणी येणार नाही. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, की जत्रा सुरू. फाल्गुनात शिमगा. मार्चपासून काजू, एप्रिलात आंबा. आणि मे महिन्यात तर घरच बाहेरच्यांना दिलेलं: मागल्या दोन खोल्यांत पुण्याचे पाहुणे, माणशी दराने, घरगुती जेवणासह, समुद्र चालत पाच मिनिटं. मालदीवची आगाऊ रक्कम खरं तर त्यांच्याच पैशांतून जायची होती.

मुलीने कॅलेंडर पुन्हा वरून खाली बघितलं आणि जानेवारीतल्या एका आठवड्याभोवती गोल काढला. वडील मान वाकडी करून बघत होते.

"चार दिवस मेळतत. पण पंपाची मोटार दुरुस्त करूक तो माणूस तेच आठवड्यात येतलो म्हणान सांगान गेलोहा."

"बाबा, तो दिवाळीपासून येतोय."

"म्हणान तर घराकडे कोण तरी रवाक व्हया."

आजी म्हणाली, आपण राहते. तुम्ही जा. फक्त येताना तिकडचा सुका मासा आणा, बघू कसा लागतो.